पत्त्याचा पुरावा: पाव किलो रवा

माझ्या नावावर आजमितीला एक फ्लॅट, एक स्कूटर, दोन मुदतठेवी आणि महारेराकडे रीतसर नोंदवलेला एक धंदा आहे. यातली स्कूटर किक मारूनही सुरू होत नाही. धंद्याला किक कुठे असते, ते अजून सापडलेलं नाही.

या सगळ्याची सुरुवात मेव्हण्यापासून झाली. आमच्या घरातल्या बहुतेक आपत्तींची तिथूनच होते, पण हे वाक्य मी मुद्दाम दुसऱ्या परिच्छेदात दडवलं आहे, कारण बायको माझ्या लेखाचा पहिला परिच्छेद वाचते, मग एकदम शेवटचा वाचते आणि "छान झालाय" म्हणून कुकर लावायला जाते. तर या मेव्हण्यानं २०२३ साली वाकडला ऐंशी लाखांचा टूबीएचके घेतला, आणि पेढे द्यायला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, की एजंटाला दोन टक्के दिले. माझं आयुष्य बँकेत आकडेमोडीत गेलेलं. पेढा तोंडात विरघळायच्या आत हिशेब झाला : एक लाख साठ हजार. "आणि त्यानं केलं काय?" मी विचारलं. "चावी आणली, दार उघडलं, आणि म्हणाला हा हॉल." आता तुम्हीच सांगा, चौतीस वर्षं मी बँकेच्या तिजोरीचं कुलूप उघडलं, तेही दुसरी किल्ली ज्याच्याकडे असायची त्याच्या चहाची, तंबाखूची आणि सासुरवाडीच्या फोनची वाट बघून, आणि मला त्याचे कुणी कधी वेगळे पैसे दिले नाहीत. मी त्याच महिन्यात रिटायर झालो होतो. हात शिवशिवत होते. मी जाहीर केलं, की मी इस्टेट एजंट होणार.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्हाला स्कूटर विकता आली नाही."

हे खरं आहे, आणि पुढे लागणार आहे म्हणून सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी स्कूटर विकायची म्हणून सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावली होती. एक कॉलेजातला मुलगा बघायला आला. मी त्याला ब्रेक कुठे सैल आहे, कार्बोरेटर कधी रुसतो, पावसाळ्यात प्लग का काढून पुसावा लागतो आणि सिंहगडाच्या चढावर ती मला मागून ढकलत कशी न्यावी लागली हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, स्कूटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जाताना खिशातून शंभराची नोट काढून म्हणाला, काका, प्लगसाठी ठेवा.

माझी समजूत अशी, की एजंट व्हायला एक मोबाइल आणि दोन चाव्या पुरतात. आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला वर्षानुवर्षं शर्टांबरोबर वनआरके आणि टूबीएचके घरपोच करत होता, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पण दरम्यान २०१६ साली स्थावर संपदेचा कायदा आला होता, म्हणजे ज्याला सगळं जग रेरा म्हणतं तो, आणि १ मे २०१७ पासून तो पुरता लागू झाला होता. त्याच्या नवव्या कलमानं सांगितलं, की नोंदवलेल्या प्रकल्पातली घरं विकायला मध्यस्थी करायची तर आधी स्वतःची नोंदणी करा. न करता धंदा केला तर रोजचा दहा हजार रुपये दंड. रोजचा! मला आयुष्यात रोजचे दहा हजार कुणी दिले नाहीत, घ्यायला मात्र तयार. आणि आपला महाराष्ट्र एक पायरी आणखी पुढे गेला. इथल्या रेरा प्राधिकरणानं, म्हणजे महारेरानं, १० जानेवारी २०२३ च्या आदेशानं ठरवलं, की एजंटानं वीस तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, पास व्हायचं, सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवायचं आणि मग अर्ज करायचा.

परीक्षा म्हटल्यावर खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पेपरात छापून आलं होतं, की पहिल्या परीक्षेत शेकडा ९६ जण पास झाले. बायकोनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, बघ. ती म्हणाली, "उरलेले चार कोण असतील हो?"

प्रशिक्षण ऑनलाइन होतं. जावयानं टॅब्लेट आणून दिला, तो मी डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत माझे सहाध्यायी दिसत होते : कानात बोंडं घातलेली पंचविशीतली पोरं, बाणेरात स्वतःचं ऑफिस असलेल्या एक बाई, एक जण तर सरळ साइटवरून वर्गाला बसलेला, म्हणजे सर 'ग्राहकाची फसवणूक' शिकवत असताना मागून त्याचा आवाज, "मॅडम, हा पूर्ण ईस्ट फेसिंग आहे, सूर्य आता ढगात आहे म्हणून." मी मात्र वहीला समास आखून बसलो होतो. प्रवर्तक म्हणजे बिल्डर. विसार म्हणजे टोकन. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असल्या, की प्रकल्पाची नोंदणी आलीच. मी सगळं लिहून घेत होतो. समजून घ्यायचं काम रात्री करू असं ठरवत होतो, आणि रात्री झोप लागत होती.

तिसऱ्या दिवशी माझी वर्गात ख्याती झाली, ती अशी. सर विचारत होते, की गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी किती टक्के रक्कम बिल्डरनं त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायची असते. सगळे गप्प. मीही गप्पच, कारण मी त्या वेळी वहीत मागच्या तासाचं शीर्षक लाल पेननं अधोरेखित करत होतो. माझा माइक चालू राहिला होता हे मला माहीत नव्हतं. दारात भाजीवाला आला होता, आणि बायको तारसप्तकात म्हणाली, "सत्तर? सत्तर कसे?"

"सत्तर! अगदी बरोबर," सर म्हणाले. "आणि कसे, हाही प्रश्न चांगला आहे."

त्यांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं आणि पुढची दहा मिनिटं 'कसे' ते समजावून सांगितलं : जमीन आणि बांधकाम यांच्याच खर्चाला ते पैसे वापरायचे, काढायचे तर इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांचे दाखले घेऊन. मी नम्रपणे मान डोलावली. फ्लॉवर शेवटी साठला मिळाला.

माझ्या डोक्यात खरा घुसला तो कार्पेट एरिया. मराठीत त्याला चटई क्षेत्र म्हणतात, आणि एफएसआयला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात, त्यामुळे पहिला आठवडाभर माझ्या डोक्यात नुसत्या चटयाच अंथरलेल्या होत्या. पण कायद्यातली व्याख्या स्वच्छ आहे. घराच्या आतली वापरता येण्याजोगी जमीन मोजायची. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, आतल्या खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंती धरायच्या. पाइप-बीइप जाण्याचे शाफ्ट धरायचे नाहीत, बाल्कनी धरायची नाही, उघडी गच्ची धरायची नाही. पूर्वी बिल्डर जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि मनातली इच्छा हे सगळं धरून 'सुपर बिल्टअप' विकायचे. आमचाही फ्लॅट तसलाच. १९९१ च्या करारनाम्यात ६५० चौरस फूट लिहिलंय. मी ठरवलं, अभ्यास म्हणून स्वतःचंच घर मोजू या.

टेप बायकोच्या शिवणाच्या डब्यातली घेतली, पिवळी, मेणकापडाची. सकाळी अकराला सुरुवात केली. हॉलमध्ये सोफा भिंतीपासून ओढला तेव्हा त्यामागे सापडलेल्या वस्तूंची यादी करण्यात अर्धा तास गेला. मग मी भिंतीशी उकिडवा बसून टेप लावायची, शेवटाला खडूनं खूण करायची, पुन्हा तिथून टेप, पुन्हा खूण, असा बेडकासारखा सरकत सरकत स्वयंपाकघरापर्यंत पोचलो. ओट्याखाली शिरलो, तिथे डोक्याला गॅसच्या नळीचा कॉक लागला. बेडरूममध्ये कपाट हलेना, म्हणून कपाटाच्या वरून टेप टाकली, ती पलीकडे पडली, आणि ती काढायला कपाट हलवावं लागलं. शेवटी गोळाबेरीज केली : ५१४ चौरस फूट. मला आनंद झाला. ६५० नाही तरी ५१४ म्हणजे अब्रूनुकसानी फार नव्हती. मी बायकोला हाक मारून आकडा सांगितला.

तिनं टेप हातात घेतली. "हिचे पहिले तीन इंच नातवानं कापले होते," ती म्हणाली. "मी नेहमी तीनपासून मोजते."

म्हणजे मी जिथं जिथं साठ इंच लिहिले होते, तिथं तिथं सत्तावन्न होते. शेजाऱ्यांकडून लोखंडी टेप आणली, पुन्हा सगळा बेडूकप्रवास केला. ४६५. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमचं घर ६५० वरून ५१४ वर आणि ५१४ वरून ४६५ वर आलं होतं, दिवस आणखी मोठा असता तर आम्हाला बाहेरच झोपावं लागलं असतं. त्यातून १९९४ साली आम्ही बाल्कनीला काचा लावून तिचं देवघर केलं होतं. कायद्याप्रमाणे बाल्कनी कार्पेटमध्ये येत नाही. तीस वर्षं ज्यांना नैवेद्य दाखवला ते आमचे देव घराबाहेर होते.

"मला विचारायचं," बायको म्हणाली. "तेहेतीस वर्षं फरशी मी पुसतेय."

परीक्षेचं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी हातावर दही-साखर घेतली, झोळीत पोळी-भाजीचा डबा, आधार कार्ड, हॉलतिकीट, त्याची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स घेतली, दोन बस बदलून तासभर आधी पोचलो. बाहेर माझ्यासारखे दोघे-तिघे पांढऱ्या केसांचे उभे होते म्हणून धीर आला. फाटकाशी गेलो तर रखवालदारानं हात आडवा घातला. "काका, पालकांनी बाहेर थांबायचं." मी म्हटलं, बाबा रे, पाल्य मीच आहे. त्यानं हॉलतिकिटावरचा फोटो आणि माझा चेहरा तीनदा ताडून पाहिला आणि मला आत सोडलं. ते बाहेरचे दोघे-तिघे खरोखरच पालक होते.

परीक्षा संगणकावर. बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस हीच संस्था ही परीक्षाही घेते, त्यामुळे मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं, आणि माहेरी आलेला माणूस सूचना वाचत नाही. पडद्याच्या उजवीकडे प्रश्नांच्या आकड्यांचे चौकोन होते. मी प्रश्न वाचायचा, बरोबर वाटलेल्या उत्तरासमोरचं गोल टिचकवायचं, आणि पुढच्या आकड्याच्या चौकोनावर टिचकी मारून पुढे जायचं. खाली 'सेव्ह अँड नेक्स्ट' असं एक बटण होतं, पण मला ते आगाऊ वाटलं. मला नेक्स्टला जायचं कसं ते कळत होतं. प्रश्नही काय सुंदर आले होते! करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किती टक्क्यांपर्यंत रक्कम घेऊ शकतो? दहा. ताबा दिल्यावर बांधकामातल्या दोषांची जबाबदारी किती वर्षं? पाच. एजंटाची नोंदणी किती वर्षांसाठी? पाच. मला सगळं येत होतं. आयुष्यात प्रथमच मला पेपर येत होता. आणि मी सोडवून पुढे गेलेला प्रत्येक चौकोन लाल होत होता.

शेजारच्या मुलीचे चौकोन हिरवे होत होते. मला तिची कीव आली. चौतीस वर्षं बँकेत मी हेच बघितलं होतं : कारकून लिहितो निळ्यानं, आणि साहेब तपासून लाल शाईची खूण करतो. लाल म्हणजे तपासून पास झालेलं. मी लालेलाल पडद्याकडे समाधानानं पाहिलं, वेळेच्या वीस मिनिटं आधी पेपर देऊन बाहेर आलो आणि झाडाखाली बसून डबा खाल्ला.

लाल म्हणजे उत्तर न नोंदवलेला प्रश्न, हे मला निकालानंतर जावयानं सांगितलं. त्या दिवशी सगळ्या पेपरात माझं एकच उत्तर नोंदलं गेलं होतं, कारण त्या वेळी शिंक आली आणि बोट चुकून त्या आगाऊ बटणावर पडलं. उरलेल्या चारांतला एक कोण, ते बायकोला आता कळलं होतं.

दुसऱ्या खेपेला पास झालो. मार्क विचारू नका. सेव्ह केलेले होते एवढं पुरे.

मग फॉर्म जी. एजंटाच्या नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म जी, आणि तो मंजूर झाला की जे प्रमाणपत्र मिळतं ते फॉर्म एच, यात ज्यांनी कायदा केला त्यांचा आशावाद दिसतो, कारण या दोन शेजारच्या अक्षरांच्या मधे मी एक अख्खा पावसाळा काढला. व्यक्तीसाठी फी दहा हजार रुपये. बायकोनं त्या दहा हजारांत काय काय आलं असतं ते सांगितलं, त्यात मिक्सर, तिच्या बहिणीच्या मुलाचा आहेर आणि गुडघ्याचा एमआरआय होता. मी पैसे भरले. पॅन कार्ड चढवलं. प्राप्तिकराची विवरणपत्रं चढवली. फोटो चढेना, कारण तो फार मोठा होता. जावयानं लहान केला तर मी ओळखू येईना. शेवटी मधला एक चढला, त्यात मी कुणाचा तरी जामीन राहिल्यासारखा दिसतो. राहिला पत्त्याचा पुरावा. विजेचं बिल घेतलं, सोसायटीजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन केलं, आणि चढवून टाकलं.

काही दिवसांनी निरोप आला, की पत्त्याचा पुरावा म्हणून जोडलेलं कागदपत्र ग्राह्य नाही, कृपया योग्य कागदपत्र जोडावं. माझ्यातला युनियनचा माणूस जागा झाला. विजेचं बिल ग्राह्य नाही? मी टेबलावर बसून 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं खणखणीत पत्र लिहायला घेतलं, दोन पानं झाली, तिसऱ्यावर 'नागरिकाची अशी हेळसांड' इथपर्यंत आलो, आणि सोबत प्रत जोडावी म्हणून ती फाइल पहिल्यांदाच उघडून पाहिली.

बायको किराण्याची यादी बिलांच्या पाठकोऱ्या बाजूला करते. तेहेतीस वर्षं करते आहे. झेरॉक्सवाल्यानं पाठीमागची बाजू स्कॅन केली होती, आणि शासनाच्या दप्तरात माझ्या निवासाचा पुरावा म्हणून तिच्या वळणदार अक्षरात नोंदलं गेलं होतं : रवा पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, हिंग (मागच्या वेळचा नको), खराटा १, आणि सगळ्यांत खाली, अधोरेखित, 'यांचं पोटाचं चूर्ण'.

मी पत्र फाडलं आणि बिल उलटं केलं.

फॉर्म एच आला. नोंदणी क्रमांक आला. नियम असा, की तो क्रमांक आपल्या व्यवसायाच्या जागी ठळक दिसेल असा लावायचा आणि व्यवहाराच्या कागदांवर लिहायचा. माझी व्यवसायाची जागा म्हणजे डायनिंग टेबल. मी क्रमांकाची पाटी करून घेतली आणि ती दारावर, आमच्या नावाखाली लावली. आठवडाभर कुरिअरवाले तो मोबाइल नंबर समजून लावून बघत होते. सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून आले. निवासी जागेत व्यवसाय करायला परवानगी लागते, ते म्हणाले. मग त्यांनी आत डोकावून पाहिलं : टेबलावर मी, लोखंडी टेप, आणि निवडायला घेतलेली मेथी. "राहू दे," ते म्हणाले. "व्यवसाय सुरू झाला की सांगा."

पहिलं गिऱ्हाईक सकाळच्या फिरण्यातून मिळालं. आमच्या टेकडीवरच्या कंपूतल्या एकांच्या मुलाला टूबीएचके हवा होता. रविवारी आम्ही तिघं साइटवर गेलो. रस्त्याकडेला केवढा तरी मोठा फलक, त्यावर निळ्या पाण्यात पाय सोडून बसलेलं परदेशी कुटुंब. मी म्हटलं, थांबा, ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड लावणं सक्तीचं आहे, तो स्कॅन केला की नोंदणी, मुदत, मंजुऱ्या, सगळं फोनवर दिसतं. आणि रुबाबात फोन काढून फलकाखालचा कोड स्कॅन केला. पडद्यावर एका व्यक्तीचं नाव आलं, आणि रक्कम भरा असं आलं. मुलगा म्हणाला, "काका, हा टपरीचा आहे." फलकाच्या खांबाला टेकून चहाची टपरी होती. प्रवर्तकानं आलं घातलेले तीन चहा दिले. चांगले होते.

मग सॅम्पल फ्लॅट. तुम्ही सॅम्पल फ्लॅट बघितला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे दिवे नको तितके असतात, खोल्यांना दारं नसतात आणि आरसे असे लावलेले असतात, की एका नवरा-बायकोचं एकत्र कुटुंब दिसतं. सेल्सचा मुलगा गोड बोलत होता. पण कायद्याच्या दहाव्या कलमात एजंटाची कर्तव्यं दिली आहेत, खोटी माहिती द्यायची नाही, गिऱ्हाइकाला हवी ती कागदपत्रं दाखवायची, आणि माझी तर स्कूटरपासूनच तयारी होती. मी लोखंडी टेप काढली. पलंग मोजला : पाच फूट चार इंच. त्या सहा फुटी मुलाला म्हटलं, झोप. तो झोपला. पाय घोट्यापासून पुढे बाहेर, म्हणजे खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड केलेला. सेल्सचा मुलगा म्हणाला, ताबा पुढच्या दिवाळीत. मी फोनवर महारेराचं पान उघडलं (या वेळी खरं), त्यात पूर्णत्वाची तारीख त्या दिवाळीच्या दोन दिवाळ्या पुढे होती. मला स्फुरण चढलं. एका हातात फोन, दुसऱ्यात टेप, मोजमाप टिपून घ्यावं म्हणून मी पाठीमागच्या फ्रीजला जरा रेललो.

फ्रीज पुठ्ठ्याचा होता.

तो माझ्यासकट मागे गेला, जाताना त्यानं टीव्हीला धक्का दिला, तोही पुठ्ठ्याचा, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, फ्रीज आणि टीव्ही, त्या आखूड पलंगावर जाऊन पडलो, जिथे मुलगा अजून झोपलेला होता. पलंग मात्र मजबूत निघाला, हे मी प्रामाणिकपणे गिऱ्हाइकाला सांगितलं.

त्यांनी फ्लॅट घेतला नाही. टेकडीवर दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही होतात म्हणून आमचे पैसे वाचले," ते म्हणाले. मला गहिवरून आलं. नंतर घरी येऊन हिशेब करताना लक्षात आलं, की ब्रोकरेज खर्च झालेल्या पैशांवर मिळतं. वाचलेल्यांवर काही नसतं.

माझी कीर्ती मात्र पसरली. त्यानंतर सात गिऱ्हाइकं आली, आणि सातही जण घर न घेता सुखरूप परतले. एक बाई तर आपल्या यजमानांना मुद्दाम घेऊन आल्या. ते हटून बसलेत, तीन बेडरूमचाच घ्यायचा म्हणतात, त्या म्हणाल्या, तुम्ही एकदा त्यांना साइट दाखवून आणा.

तर व्यवहार असा माझ्या हातून आजवर एकच झाला. मेव्हण्याला वाकडचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. माझ्या भाच्याच्या कंपनीतले दोन मित्र जागा शोधत होते. मी चावी आणली, दार उघडलं, आणि म्हणालो, हा हॉल. अकरा महिन्यांचा करार झाला, बायोमेट्रिकवाला मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला, पोरांचे अंगठे झटक्यात उठले, साक्षीदार म्हणून माझा उठेना. चौतीस वर्षं नोटा मोजून अंगठ्याच्या रेषा गेल्यात, असं तो म्हणाला. मी दोन्ही हातांचे अंगठे चोळत बसलेला असताना मेव्हण्यानं कागद वाचता वाचता विचारलं, की भाऊजी, तुमचा तो रेरा नंबर यात कुठे टाकायचा? मला आठवलं. कायद्यातला एजंट म्हणजे विक्रीच्या व्यवहारात मध्यस्थी करणारा. भाड्यानं देण्याचा त्याच्याशी संबंध नाही. वीस तास, दोन परीक्षा, दहा हजार रुपये आणि पाव किलो रवा यांच्यानंतर मी जो एकमेव व्यवहार केला होता, त्याला नोंदणी लागतच नव्हती. इस्त्रीवाल्यानंही केला असता. बायको चहाचे कप घेऊन आली आणि कराराच्या मथळ्याकडे बघत राहिली. तिथे ठळक छापलं होतं : लिव्ह अँड लायसन्स.

"अगंबाई," ती म्हणाली, "लायसन्स पोरांनाच मिळालं की."

ब्रोकरेजचं म्हणाल, तर रिवाजाप्रमाणे एक महिन्याचं भाडं असतं. मेव्हण्यानं अर्धा किलो आंबा बर्फी आणली. आणि हा शेवटचा परिच्छेद असल्यामुळे मला इथे स्पष्टपणे नमूद करायचं आहे, की माझा मेव्हणा अतिशय उमदा, दिलदार आणि व्यवहारचतुर माणूस असून बर्फी उत्कृष्ट होती.